ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार: गोळी कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मझललोडरचा हंगाम जवळ आला की ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मिनेसोटा इथल्या मराठी मंडळींचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांचा सूर एकच असतो: सगळ्यात चांगली गोळी कोणती ते एकदाचं सांगून टाका. एका नावात उत्तर देता आलं असतं तर हे पान लिहावं लागलं नसतं. गोळी आधी तुमची नळी ठरवते, मग राज्याचा नियम. हरणाचा नंबर तिसरा लागतो. खालची उत्तरं .50 कॅलिबर (म्हणजे अर्ध्या इंचाची नळी) आणि व्हाइटटेल हरीण धरून लिहिली आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तेच असतं.

1. मझललोडर म्हणजे गावाकडची ठासणीची बंदूकच ना?

तत्त्व तेच. तोंडाकडून दारू ओतायची, गजाने गोळी ठासायची, मागून ठिणगी द्यायची. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका दिसतात, त्या बहुतेक आतून गुळगुळीत नळीच्या. अमेरिकेत हरणासाठी वापरतात त्या बंदुकीच्या नळीत पीळदार खाचा असतात, म्हणजे रायफलिंग, आणि गोळी एकच जाते. 1985 साली टोनी नाइट यांची एमके-85 ही इनलाइन बंदूक आली. तिच्यात ठिणगी बाजूने न येता थेट दारूच्या मागून येते. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बंदुका याच वळणाच्या आहेत, आणि गोळ्यांचे प्रकार वाढले तेही त्यानंतरच.

2. ही शिकार भारतात सुट्टीवर गेल्यावर करता येईल का?

नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे चितळ-सांबर मारायची मुभा नव्हे. विमानाबद्दल प्रश्न 16 पाहा.

3. मी एच-1बी वर आहे. मला मझललोडर घेता येते का?

फेडरल कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि त्यांतला एक म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. शिवाय काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारी, काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक फेडरल व्याख्येत बहुधा ‘अँटिक’ गटात मोडते. पण राज्यं तसं मानतीलच असं नाही. काही राज्यं ठासणीच्या बंदुकीलाही पूर्ण बंदूक धरतात आणि खरेदीला वेगळं ओळखपत्र मागतात. ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर दुकानदाराच्या ‘डोंट वरी’वर विसंबू नका, वकिलाला तासाभराचे पैसे द्या.

4. दुकानात भिंतभर पाकिटं असतात. नेमके प्रकार किती?

नावं शंभर असली तरी कुळं तीनच.

पहिलं, चिंधीतली गोल गोळी. शुद्ध शिशाची, नळीपेक्षा किंचित लहान; .50 च्या नळीत साधारण .490 इंचाची. तिच्याभोवती तेल लावलेली सुती चिंधी असते आणि खाचा पकडते ती चिंधी.

दुसरं, कोनिकल. नळीच्या मापाची लांबट, जड गोळी. ठासताना किंवा उडताना शिसं स्वतः खाचांत बसतं. काहींच्या बुडाला प्लास्टिकची टोपी असते. ती मागून वायू निसटू देत नाही, पण ती सॅबो नव्हे. हा फरक प्रश्न 12 मध्ये महत्त्वाचा ठरतो.

तिसरं, सॅबो. प्लास्टिकच्या पाकळ्यांच्या वाटीत नळीपेक्षा बारीक गोळी. .50 च्या नळीत .44 किंवा .45 ची गोळी जाते, आणि नळीबाहेर पडताच पाकळ्या उघडून वाटी मागे पडते. हॉर्नाडी एक्सटीपी आणि एसएसटी, बार्न्सच्या तांब्याच्या गोळ्या, या बहुधा अशाच येतात.

याशिवाय मागे प्लास्टिकचा तुकडा जोडलेल्या, पण सॅबोविना चालणाऱ्या नव्या गोळ्याही आहेत. फेडरलची बोर लॉक हे ठळक उदाहरण. इनलाइन असेल तर त्या करून पाहायला हरकत नाही. पण घरी खोक्यात आधीच तीन पाकिटं पडली असतील तर चौथं कशाला?

5. माझ्या नळीला यातलं काय चालेल, हे कसं ओळखायचं?

नळीवर कोरलेला आकडा वाचा. 1:28, 1:48, 1:66 असं काहीतरी लिहिलेलं असतं. 1:28 म्हणजे 28 इंचांत खाचांचा एक पूर्ण फेरा.

1:60 ते 1:70 चा संथ पीळ गोल गोळीसाठी असतो. 1:24 ते 1:32 चा घट्ट पीळ सॅबोसाठी आणि लांब गोळ्यांसाठी. 1:48 मधला: गोल गोळी आणि आखूड कोनिकल दोन्ही बऱ्यापैकी चालवतो, लांब सॅबोच्या गोळीला मात्र अनेकदा कमी पडतो.

गोळी जितकी लांब तितका तिला फिरवायला घट्ट पीळ लागतो. तो नसेल तर गोळी हवेत डोलते आणि कागदावर गोल भोकाऐवजी चावीच्या भोकासारखा लांबट छेद दिसतो. असा छेद दिसला की दारू कमी-जास्त करत बसू नका, गोळी बदला. उलट, 1:28 मधून गोल गोळी भरपूर दारूवर मारली तर ती खाचा सोडून घसरते. त्याच नळीत 50-60 ग्रेन दारूवर (ग्रेनचं माप प्रश्न 6 मध्ये) ती पुष्कळदा छान जाते, पण मग तो चांदमारीचा बार झाला, शिकारीचा नव्हे.

आकडा पुसला असेल तर गजाला घट्ट चिंधी लावून आत सारा. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. गजावर खूण करा आणि किती इंचांत पाव फेरा होतो ते मोजून चौपट करा.

6. 100 ग्रेन दारू आणि 250 ग्रेन गोळी, हे ग्रेन एकच का?

नाव एक, माप वेगळं, आणि सगळ्यात धोक्याचा गोंधळ इथेच होतो. गोळीचं ग्रेन म्हणजे वजन: 7000 ग्रेनचा एक पौंड, 250 ग्रेन म्हणजे सुमारे 16 ग्रॅम. आपला जुना तोळा बरोबर 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅम. .490 ची शिशाची गोल गोळी 177 ग्रेन भरते, म्हणजे जवळजवळ तोळाभर. (सराफाकडचा 10 ग्रॅमचा तोळा तो हा नव्हे.)

दारूचं ग्रेन मात्र मापट्याने, आकारमानाने मोजतात. ते माप काळ्या दारूच्या वजनावरून ठरलेलं आहे. पर्यायी दारू हलक्या असतात. ब्लॅकहॉर्न 209 चं 100 ग्रेनचं मापटं काट्यावर साधारण 70 ग्रेन भरतं. काट्यावर 100 ग्रेन तोलून ती नळीत ओतली तर भार जवळपास दीडपट होतो. दारूसाठी मापटं, गोळीसाठी काटा.

7. हरणासाठी किती ग्रेनची गोळी पुरेशी?

सॅबोत 240 ते 300, कोनिकलमध्ये 245 ते 350, गोल गोळीत .50 ची 177 किंवा .54 ची साधारण 225. या पट्ट्यातली नळीला मानवणारी कुठलीही गोळी फुप्फुसांतून गेली की हरीण पडतं. व्हाइटटेल चिवट असलं तरी पातळ अंगाचं जनावर आहे, रेडा नव्हे. 250 आणि 300 मधला फरक हरणापेक्षा तुमच्या खांद्याला जास्त कळतो.

नवीन माणसाला मी 250 ग्रेनची सॅबो सुचवतो. धक्का सोसवतो, मार्ग बऱ्यापैकी सपाट राहतो आणि कुठल्याही दुकानात मिळते.

8. गोल गोळी खरंच हरीण मारते, की ती नुसती हौस आहे?

मारते. पण अंतराच्या बाबतीत ती दयामाया दाखवत नाही. नळीतून 1700-1800 फूट प्रति सेकंदाने निघालेली .490 ची गोळी 100 यार्डांवर साधारण हजारावर येते, कारण गोल आकार हवेत फार अडतो. म्हणून .50 च्या गोल गोळीला मी 75 यार्डांची मर्यादा घालतो; .54 असेल तर थोडी सैल. त्या अंतरात मऊ शिसं चपटं होऊन रुंद वाट करतं.

शिसं शुद्धच हवं. घरी गोळ्या ओतणारे पुष्कळदा गाडीच्या चाकांची जुनी वजनं वितळवतात. त्यात अँटिमनी असते, शिसं कडक होतं आणि गोळी उघडत नाही. चिंधीत ते एक वेळ चालून जातं, कोनिकलमध्ये मुळीच नाही, कारण तिथे शिशालाच खाचांत बसायचं असतं. नखाने ओरखडा उठत नसेल तर ते शिसं शिकारीसाठी ठेवू नका.

आणि बार काढल्यावर समोर पडलेल्या चिंध्या उचलून बघा. मधोमध काळसर गोल, कडा थोड्या दशा सुटलेल्या, पण कापड अखंड: सगळं ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे, तेल कमी आहे किंवा दारू जास्त. खाचांच्या रेघांवर सुरीने कापल्यासारखे चिरे असतील तर नळीच्या तोंडाची कड किंवा खाचांची धार लागते आहे. नव्या नळीत हे हमखास होतं, थोड्या वापराने बोथटतं.

9. सॅबो ठासताना गज वाकेल इतका जोर लागतो. हे बरोबर आहे का?

नाही. अंगठ्याने सुरुवात करून छोट्या दट्ट्याने आत ढकलली की पुढे गजावर सारखा, ठाम दाब पुरायला हवा. गजावर लोंबकळावं लागत असेल तर सॅबो जाड आहे किंवा नळीत मळ आहे. नुसत्या गजाच्या वजनाने खाली गेली तर सैल; चालताना ती दारूवरून पुढे सरकू शकते, आणि ते धोकादायक आहे (प्रश्न 15).

एकाच .50 साठी सॅबो वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात आणि गोळीही .451, .452 अशी केसभर फरकाने येते. गोळी तीच ठेवून फक्त सॅबो बदलली तरी गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, निम्मा होऊ शकतो. उडालेल्या सॅबो शोधा. पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या असतील तर उत्तम; एखादी पाकळी तुटलेली किंवा बूड वितळलेलं दिसलं तर दारू कमी करा किंवा सॅबो बदला. उन्हाळ्यात तापलेल्या नळीत प्लास्टिक मऊ पडतं, तेव्हा सरावात दोन बारांमध्ये नळी गार होऊ द्या.

10. तीन पेलेट्स टाकल्या तर गोळी जास्त लांब जाईल ना?

पेलेट म्हणजे बहुधा 50 ग्रेनची वडी; तीन म्हणजे 150. बंदुकीच्या पुस्तिकेत परवानगी असली तरी शिकारीत तिचा उपयोग फार थोडा. वेग थोडा वाढतो, धक्का आणि धूर बराच वाढतो, नेम बिघडतो. शिवाय सॅबोत बसवलेल्या कित्येक गोळ्या मुळात पिस्तुलाच्या वेगासाठी घडवलेल्या असतात. 40 यार्डांवर जादा वेगाने खांद्याच्या हाडाला लागल्या तर त्या आत जाण्याआधीच फुटून विखुरतात. पातळ मुलाम्याच्या मऊ कोनिकलचंही तसंच. दोन पेलेट्स किंवा मापट्याने 80 ते 100 ग्रेन एवढ्यावर सुरुवात करा. मुलासाठी किंवा हलक्या अंगाच्या माणसासाठी 70 ग्रेन आणि 75 यार्डांची मर्यादा ठेवली तरी हरणाला ते पुरतं.

ट्रिपल सेव्हन ही पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे; तीच मापं वापरायची तर साधारण 15 टक्के कमी घ्या. ती जिथे जळते तिथे नळीत खरबरीत कडं धरतं आणि पुढची गोळी नेमकी तिथे अडते. एक ओलसर चिंधी फिरवली की सुटतं. ब्लॅकहॉर्नला 209 प्राइमरच (ठिणगी देणारी जोरकस टोपी) लागतो, साध्या कॅपने, म्हणजे ठिणगीच्या छोट्या टोपीने, ती नीट पेटत नाही. आणि काडतुसांची धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही, चमचाभरही नाही. काही मोजकी मॉडेल्स तिच्यासाठीच बनवलेली असतात. तुमची त्यांतली आहे का असा प्रश्न पडला असेल, तर ती नाही.

11. शिसं की तांबं? घरात लहान मुलं आहेत आणि मटण आम्ही वर्षभर खातो.

मग तांब्याचा विचार करा. शिशाची गोळी उघडताना कण सोडते आणि ते जखमेपासून लांबपर्यंत पसरतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत. मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने 2008 मध्ये मेंढ्यांच्या धडांवर वेगवेगळ्या गोळ्या मारून एक्स-रे काढले होते. वेगवान रायफलच्या झटकन उघडणाऱ्या गोळ्यांनी सर्वांत जास्त कण सोडले, मझललोडरने बरेच कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. जखमेचा भाग पाण्याने धुतल्याने तर कण उलट पसरतात. सवयीने आपण मटण खळखळून धुतो. इथे आधी जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. गरोदर बाई आणि लहान मुलं खाणार असतील तर खिम्यात जखमेजवळचं काहीही घालू नका.

तांब्याची अडचण अशी की ते शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला घट्ट पीळ लागतो (प्रश्न 5). शिवाय ती उघडायला किमान वेग लागतो. पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात तो दिलेला असतो. तुमच्या भाराने किती यार्डांपर्यंत तो वेग टिकतो ते पाहा आणि तीच तुमची हद्द समजा.

कॅलिफोर्नियात हा प्रश्नच उरत नाही. 1 जुलै 2019 पासून तिथे शिकारीला शिसं चालत नाही, ठासणीच्या बंदुकीलाही नाही. त्यामागे काँडोर गिधाडं आहेत: शिसं लागलेली आतडी खाऊन ती मरत होती. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं गेली, तिकडे गोळीने.

12. एका राज्यात चालणारी गोळी दुसऱ्या राज्यात चालते का?

गृहीत धरू नका. कोलोरॅडोच्या मझललोडर हंगामात सॅबो बंद, पेलेट्स बंद, दुर्बीण बंद. हरणाला किमान .40 कॅलिबर; .50 पर्यंत गोळी किमान 170 ग्रेनची, त्यावर 210 ची. आणि कोनिकलची लांबी व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. चिंधीला सॅबो धरत नाहीत, म्हणजे 177 ग्रेनची गोल गोळी तिथे जेमतेम का होईना बसते. तांब्याची लांब गोळी मात्र लांबीच्या नियमात अडकू शकते. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरच्या खास हंगामात फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, बंदूक चालते (प्रश्न 14). ओहायोत जानेवारीतल्या हंगामात इनलाइन आणि सॅबो सर्रास दिसतात.

नियम दरवर्षी बदलू शकतात. त्या वर्षीची राज्याची पुस्तिका उघडा आणि त्यातलं ‘मझललोडर’ हे प्रकरण स्वतः वाचा; मित्राने गेल्या वर्षी काय वापरलं हा पुरावा नव्हे.

13. नेम कसा बसवायचा? पहिला बार नेहमी वेगळाच जातो.

जाणारच. तेल लावलेल्या स्वच्छ नळीतला बार आणि मळलेल्या नळीतला बार एका जागी पडत नाहीत. जंगलात हरणावर जाणार तो बहुधा पहिलाच बार, म्हणून त्याचाच नेम बसवा. तेल कोरड्या चिंधीने पुसून काढा, नळी दाखवायची तिकडे दाखवून एखादी कॅप उडवा, मग भरा. सरावात प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरवा, म्हणजे दर वेळी नळी सारख्या अवस्थेत असेल.

100 यार्डांवर नेम बसवलेली 250 ग्रेनची सॅबो 100 ग्रेन दारूवर 150 यार्डांना साधारण 5 ते 7 इंच खाली उतरते. पुढे ती दगडासारखी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदला, गोळी किंवा सॅबो किंवा दारू. तिन्ही एकदम बदलून कागदावरचा गट सुधारला तर कशामुळे सुधारला हे कळत नाही, आणि बिघडला तर त्याहून नाही.

14. चकमकीच्या बंदुकीला वेगळी गोळी लागते का?

गोळी वेगळी नसते, पण त्या नळ्या बहुधा संथ पिळाच्या, म्हणून चिंधीतली गोल गोळी ओघानेच येते. खरा फरक दारूत. पर्यायी दारू चकमकीच्या ठिणगीला दाद देत नाहीत. आत खरी काळी दारू आणि बाहेर रंजकाला, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या चिमूटभर दारूला, अगदी बारीक दाण्याची. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत क्षणभर लागतो, तेवढा वेळ बंदूक हलता कामा नये. इथे गोळी बदलण्यापेक्षा गारगोटी बदलणं जास्त फळतं.

15. संध्याकाळपर्यंत हरीण दिसलं नाही. भरलेली बंदूक तशीच ठेवू का?

आधी राज्याचा नियम: गाडीत ‘भरलेली’ कशाला म्हणतात ते प्रत्येक राज्याचं वेगळं. बऱ्याच ठिकाणी प्राइमर, कॅप किंवा रंजक काढलं की रिकामी धरतात, सगळीकडे नाही. घरात आणायची असेल तर पूर्ण रिकामी करा. इनलाइनमध्ये मागचा ब्रीच प्लग काढून दारू आणि गोळी बाहेर ढकलता येते.

दुसऱ्या दिवशी तोच भार वापरायचा असेल तर गजावरची खूण तपासा. ही खूण प्रत्येकाच्या गजावर हवीच: गोळी दारूवर पक्की टेकली की नळीच्या तोंडाशी गजावर रेघ. सकाळी गज घातला आणि रेघ दोन बोटं वर दिसली, म्हणजे गोळी पुढे सरकली आहे. मध्ये पोकळी ठेवून बार काढला तर नळी फुगू शकते, फुटू शकते. आधी गोळी खाली बसवा, मग बाकीचं. रिकाम्या नळीची दुसरी रेघही करून ठेवा, म्हणजे आत भार आहे की नाही हा वाद मिटतो.

16. शिकारीला विमानाने जायचं आहे. काय नेता येतं?

बंदूक कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, सामानात जाते. काळी दारू, तिचे पर्याय आणि कॅप कुठल्याच सामानात चालत नाहीत. उतरल्यावर विकत घ्या, आणि तुमचा ब्रँड तिथे मिळतो का ते निघण्यापूर्वी फोन करून विचारा. भारतात जाताना शिकारीची बॅग वापरूच नका. खिशात विसरलेल्या एका काडतुसावरून मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

17. गोळी लागली, हरीण पळालं, रक्त नाही. गोळी खराब होती का?

बहुधा नाही. फुप्फुसांतून गोळी गेलेलं हरीणही शंभर यार्ड धावतं. वरच्या भागात लागलं आणि गोळी पलीकडे निघाली नाही, तर रक्त छातीतच साठतं आणि सुरुवातीला जमिनीवर थेंबही पडत नाही. म्हणूनच आरपार जाणारी गोळी मी पसंत करतो: खालच्या बाजूला भोक असलं की माग मिळतो. धूर विरण्याआधी ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठल्या झाडाशी दिसलं हे मनात पक्कं करा, बंदूक पुन्हा भरा, आणि अर्धा तास थांबा. मग उभं होतं त्या जागी केस शोधा. फुप्फुसाचं रक्त फिकट लाल आणि फेसाळ असतं. हिरवट, वास येणारं काही दिसलं तर गोळी पोटात लागली आहे. तेव्हा कित्येक तास मागे जाऊ नका. पाऊस किंवा बर्फ माग पुसून टाकणार असेल तर मात्र लवकर निघावं लागतं. बऱ्याच राज्यांत दोरीला बांधलेल्या कुत्र्याने माग काढायला परवानगी आहे. असा कुत्रा असलेल्या माणसाचा नंबर हंगामाआधीच फोनमध्ये ठेवा.